दोन नळ्यांमधलं अंतर

समोरच्या इमारतीच्या काचा पुसायला एक माणूस दोरावर लटकत खाली येत होता. त्याने तो दोर कमरेला नेमका कसा बांधलाय एवढंच मला बघायचं होतं. म्हणून दारामागच्या खुंटीवरची नवऱ्याची दुर्बीण काढली, खिडकीशी गेले, डोळ्यांना लावली, तर मला काही धड दिसेना. दोन्ही कडांनी काळोख आत सरकत होता आणि उजवीकडचं चित्र पाण्यात विरघळल्यासारखं झालं होतं. दुर्बीण खाली घेऊन पाहिली. तिच्या दोन नळ्या मधल्या बिजागरीवर मिटून अगदी एकमेकींना चिकटवलेल्या होत्या. उजव्या डोळ्याचा नंबर जुळवायची जी कडी असते, ती पार शेवटच्या टोकापर्यंत फिरवलेली होती. काचा पुसणारा माणूस दोन मजले खाली उतरून गेला तरी मी ती दुर्बीण हातात धरून उभी होते. नवरा कामावर होता. स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. या घरात कुणीतरी तिसरं माणूस आपले डोळे विसरून गेलंय, असं मला वाटलं.

हे वाटणं म्हणजे माझ्या मनाचे खेळ नव्हते. मी रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. आमच्याकडे एकच चांगला सूक्ष्मदर्शक आहे आणि तो आम्ही तिघी वापरतो. प्रत्येकीच्या डोळ्यांमधलं अंतर वेगळं, त्यामुळे बसल्या बसल्या प्रत्येक जण नळ्या आपल्या मापाने जवळ-लांब करून घेते, कडी फिरवते, आणि उठताना तशीच सोडून जाते. त्यावरून रोज भांडणं होतात. पण त्याचा एक फायदा असा, की सकाळी स्टुलावर बसून डोळे लावले की काल शेवटी कोण बसलं होतं ते मला बोट न लावता सांगता येतं. माझ्या नवऱ्याचे डोळे एकमेकांपासून चांगलेच लांब आहेत. लग्नाआधी तो एकदा मला न्यायला आला असताना मी त्याला त्याच्याच रक्ताचा थेंब दाखवला होता. तेव्हा नळ्या ताणून ताणून टोकाला न्याव्या लागल्या आणि मी म्हणाले होते, तुझ्या दोन डोळ्यांमध्ये अजून एक डोळा आरामात बसेल. त्यावर तो, मग एका वेळी दोघींकडे बघता येईल, असं काहीतरी बोलला होता. तेव्हा मी हसले होते.

ठेवताना मिटली असेल, असंही मी स्वतःला सांगून पाहिलं. पण तो दुर्बीण कधी मिटत नसे. दर वेळी जुळवत बसायला नको म्हणून त्याने बिजागरीवर सुईने आपल्या मापाची रेघ ओढून ठेवली होती, आणि आता ती रेघ भलतीकडेच गेली होती. शिवाय मिटताना कडी कशाला फिरेल? आणि दुर्बीण तो कुणाला देत नाही. त्याच्या हिशोबी दुर्बीण आणि दात घासायचा ब्रश एकाच जातीचे. म्हणजे ज्या माणसाला ती दिली, त्या माणसाशी त्याचं ब्रशाइतकं जवळचं काहीतरी असणार. चेहरा लहान, डोळे जवळजवळ, उजवा डोळा बराच अधू. एवढं वर्णन माझ्या हातात आलं होतं. नाव तेवढं नव्हतं.

मी त्याला विचारलं नाही. विचारलं की माणूस सावध होतो. प्रयोगशाळेत आम्ही सुई टोचायच्या आधी रोग्याशी भलत्याच विषयावर बोलतो, तशी मी त्या आठवड्यात बोलत राहिले आणि बघत राहिले. बघायला लागल्यावर मात्र इतकं दिसायला लागलं की आधी मी काय झोपले होते की काय, असं वाटावं. त्याने पलंगावरची बाजू बदलली होती. पाठीचं कारण सांगितलं होतं, मीही मान डोलावली होती. जेवताना तो आता माझ्या समोर न बसता कडेला बसायचा. फोन आला की गॅलरीत जायचा, आणि फोनवर नाव यायचं ते नुसतं ‘दात’. त्याच्या दातांना काही झालेलं नव्हतं, अजून अक्रोड दाताने फोडतो. पक्षी बघायला जाणाऱ्या त्याच्या टोळक्यात एक दातांची डॉक्टर आहे, हे मला ऐकून माहीत होतं. कशी दिसते ते कधी विचारलं नव्हतं. एकदा तर मी उजवीकडून त्याच्या गालाला हात लावला तेव्हा तो असा दचकला, जसा परक्या बाईने लावलाय. त्या रात्री मी बराच वेळ आपल्याच हाताकडे बघत होते.

शनिवारी मी म्हणाले की उद्या पक्षी बघायला मीही येते. तो बूट साफ करत होता. ब्रश थांबला, मग पुन्हा चालू झाला. तुला चिखल आवडत नाही, तो म्हणाला. आवडून घेईन, मी म्हणाले. थोड्या वेळाने तो गॅलरीत गेला आणि दार लोटून कुणाशी तरी बोलला.

सकाळी आम्ही सरांच्या जुनाट जीपमधून निघालो. सर म्हणजे निवृत्त भूगोलाचे शिक्षक, टोळक्याचे म्होरके. सोबत माझे दीर, म्हणजे नवऱ्याचा धाकटा भाऊ. आणि ती, दातांची डॉक्टर. ती पुढच्या सीटवर होती, वळून माझ्याकडे बघून हसली, आणि मला थंडी वाजून आली. तिचं सगळंच चेहऱ्याच्या मधोमध गोळा झालेलं होतं. नाक बारीक, डोळे त्याला दोन्हीकडून टेकलेले, मावतील तितके जवळ. प्रयोगशाळेत एखादी पेशी दिवसभर शोधावी आणि ती पहिल्याच काचेत समोर यावी, तसं झालं. खरं तर अशा वेळी आम्ही लगेच विश्वास ठेवत नाही, दुसरी काच बघतो. पण तिने थर्मासमधून मला पहिला कप ओतून दिला, अगं सावकाश घे, गरम आहे, असं म्हणाली, आणि तिच्या त्या आपुलकीने माझी उरलीसुरली शंका फिटली. उगाच कोण इतकं चांगलं वागतं?

शहर संपलं आणि पाणी लागलं. पावसाळ्यात नदी शेतात शिरली होती ती अजून परत गेली नव्हती. ऋतू सरत आला होता, झाडांची पानं गळून त्या पाण्यावर तपकिरी तवंगासारखी पसरली होती. कुंपणाच्या खांबांची फक्त डोकी वर होती. एका शेतघराच्या पायऱ्या पाण्यात उतरत गेल्या होत्या, जणू कुणी आत आंघोळीला गेलंय. वाऱ्याला कुजलेल्या गवताचा वास होता. जीप ठेवून आम्ही चालायला लागलो. रस्ता घोट्याएवढ्या पाण्याखाली होता आणि तो कुठे आहे हे कळावं म्हणून कुणीतरी दोन्ही कडांना काठ्या रोवल्या होत्या. काठ्यांच्या पलीकडे चर होते, सर म्हणाले, पुरुषभर खोल. वरून मात्र सगळं सारखंच दिसत होतं. तेच मला आवडलं नाही.

त्यांची दिशा सांगायची एक पद्धत होती. आपण घड्याळाच्या मधोमध उभे आहोत असं धरायचं. समोर बारा, उजवीकडे तीन, डावीकडे नऊ. कुणी ‘दहा’ म्हणालं की सगळ्या दुर्बिणी तिकडे. सरांनी मला त्यांची जादा दुर्बीण दिली आणि वहिनी, ओरडायचं नाही, हात दाखवायचा नाही, असं बजावलं. मी दुर्बीण पक्ष्यांवर कमी आणि माणसांवर जास्त लावत होते. थापट्या बदकं चमच्यासारख्या चोचींनी पाणी गाळत फिरत होती, तलवार बदकांच्या शेपट्या वर आणि तोंडं बुडालेली. त्यांचंही मला काही खरं वाटत नव्हतं. ती बाई सतत माझ्या नवऱ्याच्या उजव्या हाताला. तो थांबला की ती थांबायची. एखादा थवा उठला की ती आधी त्याच्याकडे झुकायची, त्याच्या कानाशी दोन शब्द बोलायची आणि मग तो मोठ्याने म्हणायचा, “अकरा, तलवार, नर.” सर मान डोलवायचे. एवढ्या पाण्यात, एवढ्या उजेडात, चारचौघांत हे चाललं होतं, आणि दोघांनाही त्याची लाज नव्हती. मी दोनदा पुढे होऊन त्याच्या उजवीकडे जायला बघितलं. दोन्ही वेळा दीर मध्ये आले. वहिनी, तुम्ही इकडून चला, तिकडे पाय घसरतो. ते मला हसतखेळत, थट्टा करत त्याच्या डावीकडे नेऊन सोडायचे. म्हणजे यांनाही माहीत होतं. माझ्या घरी येऊन माझ्या हातचं जेवणारे, मला वहिनी वहिनी करणारे हे, यांनाही. सरांनाही असणार. म्हातारे माझ्याशी इतक्या अदबीने बोलत होते, की घरात कुणी गेल्यावर लोक बोलतात तसं. चौघांच्या मध्ये मी एकटी चालत होते आणि बुटांत पाणी शिरत होतं.

पुढे एक बांध पाण्यातून वर आला होता. भोवत्या, म्हणजे दलदलीवरून खालून खालून उडणारा शिकारी पक्षी, पलीकडच्या गवतावर घिरट्या घालतोय असं सरांना वाटलं आणि ते मला घेऊन बांधावरून लांबचा वळसा मारत पलीकडे गेले. बाकीचे तिघे अलीकडेच राहिले. आमच्यामध्ये आता एक अख्खं शेत पाणी होतं. सर गवताकडे बघत होते. मी वळले आणि दुर्बीण त्या तिघांवर लावली. इतका वेळ मी नवऱ्याला कडेने, मागून, खांद्यांच्या आडून पाहिलं होतं. समोरून पहिल्यांदाच पाहत होते. चित्र स्वच्छ होतं. बाईचे ओठ हलले. त्याने दुर्बीण वर उचलली, एका हाताने, मिटलेली, आणि डाव्या डोळ्याला लावली. डावी नळी डोळ्यावर होती. उजवी नळी त्याच्या नाकाच्या हाडावर नुसती टेकली होती. आणि त्या नळीच्या बाजूला, बाहेर, त्याचा उजवा डोळा उघडाच होता. मिटायचीही गरज नव्हती. तो डोळा सरळ माझ्या दिशेने लागला होता आणि त्यात मी नव्हते.

“बारा,” पाण्यावरून त्याचा आवाज आला. “भोवत्या, मादी.”

पक्षी खरंच माझ्या डोक्यावरून गेला. मी मान वर केली नाही. नळ्या जवळ म्हणून अंतर कमी, अंतर कमी म्हणून चेहरा दुसरा, हा सगळा हिशोब मांडताना मी एक गोष्ट न मोजताच धरून चालले होते, आमच्या कामात प्रत्येक जण धरतो तशी: की बघणारा दोन डोळ्यांनी बघतो. एका डोळ्याने बघणाऱ्याला अंतर लागतच नाही. त्याला एका हातात मावणारी वस्तू लागते. कडी त्याने शेवटपर्यंत फिरवली असेल ती त्या डोळ्यातून काहीतरी निघतंय का हे बघायला, आणि काही निघालं नाही म्हटल्यावर तशीच सोडली असेल. पलंगाची बाजू, जेवणाची जागा, गालाला लावलेला हात, सगळं आपोआप उलटं होऊन सुलटं बसत गेलं. आधी मला सुटल्यासारखं वाटलं. दुसरी बाई नव्हती. हे वाटणं दोन श्वास टिकलं असेल. मग मला आठवलं की माझा नवरा बंदरावर क्रेन चालवतो.

मोठी क्रेन, उंच केबिनवाली. जहाजावरून घरांएवढे पेटारे उचलायचे आणि खाली ट्रकवर ठेवायचे. तळहाताएवढं अंतर वरून जोखायचं असतं आणि ते जोखायला दोन डोळे लागतात. एका डोळ्याला जग दिसतं, जगाची खोली दिसत नाही. हे शाळेतलं विज्ञान आहे. आणि खाली पेटाऱ्याजवळ उभं राहून हाताने इशारे देणारा माणूस असतो. तो माणूस म्हणजे माझे दीर.

परत येताना मी सरांना काही विचारलं नाही. अलीकडे आल्यावर दिरांना बाजूला घेतलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि थट्टा करायचं सोडून दिलं. डोळ्याच्या पडद्यामागची शीर तुंबली, ते म्हणाले, उन्हाळ्यातच. डॉक्टरीणबाईंचा भाऊ डोळ्यांचा डॉक्टर आहे, तिथे चाललंय, सुया टोचतात, उपयोग होईल असं वाटत नाही. आणि क्रेन, मी विचारलं. त्यावर ते जे बोलले ते अगदी समजुतीच्या सुरात बोलले.

“खाली मीच असतो ना वहिनी. दादाला दिसलं नाही तरी मला दिसतं. मी हात दाखवतो, तो थांबतो. अजून एकदाही चूक नाही.”

“आणि तुम्ही एखाद दिवस आजारी पडलात तर?”

“नाही पडत मी आजारी.”

एवढं बोलून ते खरंच पुढे निघून गेले. मला त्यांचा राग आला. दोघं भाऊ. एक आंधळ्या बाजूने जड वस्तू खाली सोडणार आणि दुसरा त्याखाली उभा राहून चूक नाही, चूक नाही म्हणत राहणार. ती बाई माझ्याजवळ आली आणि माझ्या दंडाला हात लावून म्हणाली की मी त्याला पहिल्या दिवसापासून सांगतेय, घरी सांग म्हणून. मी हो म्हणाले. तिच्यावरचा संशय फिटला होता, तिच्यावरचा राग मात्र जागच्या जागी होता. माझ्या नवऱ्याचा डोळा गेला हे तिला माझ्या आधी माहीत होतं. हे मी तिला कधी माफ करीन असं मला वाटत नाही.

ऊन उतरायला लागलं तसे आम्ही जीपकडे निघालो. सर आणि डॉक्टरीण पुढे, त्यांच्यामागे दीर, मागे आम्ही दोघं. दिरांनी त्याला सांगितलं असणार, कारण तो आपणहून बोलायला लागला. मी त्याच्या उजवीकडे चालत होते. आता मला कुणी हटकलं नाही. तो समोर बघत बोलत होता. तुझ्या मावशीच्या रक्ताच्या रिपोर्टातला साखरेचा आकडा तू बदलला नाहीस, तो म्हणाला, सख्ख्या मावशीच्या नोकरीचा प्रश्न होता तरी नाही. तुला सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी मला वर चढू दिलं नसतंस. हे खरं होतं. या हंगामात मोठी जहाजं लागणार आहेत, तो पुढे म्हणाला, तेवढी होऊ देत, मग मी आपणहून सांगणार आहे ऑफिसात. मला सवय झालीय. दोरीच्या सावलीवरून कळतं, आवाजावरून कळतं. माझ्याकडे बघून तुला तरी कळलं का?

नव्हतं कळलं, आणि तेच मला डाचत होतं. तो जे सांगत होता त्यातलं कितपत खरं, हे जोखायला माझ्याकडे काही साधन नव्हतं. पक्ष्यांची नावं त्याने दिवसभर मोठ्याने घेतली होती, एकही त्याने आपणहून हेरला नव्हता. तसंच हे सवयीचं. तसंच हे ‘आपणहून सांगणार’. मला एक निखळ, कुणी कानात न सांगितलेली गोष्ट हवी होती. म्हणून मी थांबले. काही न बोलता, पाऊल न वाजवता, आहे तिथे पाण्यात उभी राहिले.

तो चालत राहिला. आणि बोलत राहिला, माझ्याशी, माझ्या रिकाम्या जागेशी, मान किंचित तिकडे कलती करून, मी अजून तिथे आहे अशा मायेने. तुला वाटत असेल मी तुझ्यापासून लपवलं, तो म्हणत होता. आमच्यामधलं पाणी रुंद होत गेलं. मग माझ्या लक्षात आलं की तो सरळ चालत नाहीये. मी बाजूला होते तोवर माझ्या पावलांच्या आवाजाला धरून चालत असणार. आता आवाज नव्हता आणि तो ज्या बाजूचं दिसत नाही त्या बाजूला, उजवीकडे, थोडा थोडा कलत होता. काठ्या तिकडे होत्या. दोन काठ्यांच्या मध्ये पाणी तसंच, तितकंच सपाट, तितकंच निरागस. मी हाक मारायला हवी होती. तोंड उघडलंही. पण नीट बघून घ्यावं, अजून एक पाऊल, त्याला खरंच कळतं का ते, असं माझ्यातलं काहीतरी म्हणालं आणि ते अगदी शांतपणे म्हणालं. त्याने ते पाऊल टाकलं. आणखी एक टाकलं.

पुढे दीर कशासाठी मागे वळले कोण जाणे. त्यांनी हाक मारली नाही. नुसता हात वर केला, सरळ, तळवा समोर.

माझा नवरा जागच्या जागी थांबला. वाक्य अर्धं सोडून, उचललेलं पाऊल होतं तिथे मागे घेऊन. का, म्हणून विचारलं नाही, खाली बघितलं नाही. त्याच्या बुटापासून चर हातभरावर होता.

मी पाणी उडवत धावत गेले आणि त्याचा उजवा दंड धरला. तो दचकला. मग, तू इथेच होतीस ना, असं त्याने विचारलं.

“उद्या मी बंदरावर येणार आहे,” मी म्हणाले. “तुझ्या साहेबांना मी सांगणार.”

मी त्याला रस्त्याच्या मधोमध ओढायला लागले, पण तो जड झाला होता, पाय रोवून उभा होता, डावा डोळा समोर लावून. दिरांचा हात अजून वरच होता. हात खाली येईपर्यंत माझा नवरा हलला नाही.